वीतभर अलीकडे

सोमवारच्या आढावा बैठकीत पडद्यावर मल्लिनाथ बिराजदार हे नाव उमटले आणि त्याखालची पट्टी तत्काळ लाल झाली. सरासरी वेग ताशी एकशे एकवीस किलोमीटर, शिफारस नाही. एवढ्यावर एका माणसाचा निकाल लागला आणि पडदा पुढच्या नावाकडे वळला.

"जरा थांबा," श्रीनिवास यन्नम म्हणाला.

टेबलाभोवतीच्या माना वळल्या. उपकरणे बनवणारा श्रीनिवास बैठकीत बोलत नसे. त्याचा राग आवाजात कधी उतरतच नसे. तो आधी कानांच्या पाळ्यांत उतरे, मग बोटांच्या टोकांत, आणि तिथेच जळत राही. आज त्याची बोटे टेबलाच्या कडेवर घट्ट रुतली होती.

दख्खन लीगच्या प्रत्येक मुख्य संघाखाली एक राखीव संघ असे. राखीव संघांतले खेळाडू सोलापूर, लातूर, धुळे अशा गावांतल्या मैदानांवर, अर्ध्या रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळत आणि वरून बोलावणे येण्याची वाट पाहत. ते बोलावणे कुणाला पाठवायचे, हे पुण्यातले मूल्यांकन केंद्र ठरवी. वेगवान गोलंदाजांसाठी केंद्राने एकशे पस्तिसाची रेषा आखली होती. रेषेखालच्या माणसाने बळी किती घेतले, हे कुणी विचारत नसे.

"राखीव मालिकेत सगळ्यांत जास्त बळी त्याचे आहेत, मॅडम."

अवंतिका रेगे केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "राखीव मालिकेतले फलंदाज त्याला बळी देतात, श्रीनिवास. वरचे देणार नाहीत. एकशे एकविसाचा चेंडू वरचा फलंदाज एका हातात चहाचा कप धरून मारेल."

"तो चेंडू फलंदाजाला दिसत नाही."

"रडारला तर व्यवस्थित दिसलाय." कोपऱ्यातून कुणीतरी हसून म्हणाले. "तुझ्याच सोलापूरच्या क्लबचा ना रे हा?"

श्रीनिवासच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रडार फलंदाजी करत नाही, हे उत्तर त्याला सुचले, तेव्हा बैठक संपून तो वाहनतळापर्यंत पोचला होता. तिथे, कुणी ऐकायला नसताना, त्याने ते एकदा मोठ्याने म्हटलेही. मग त्याला स्वतःचाच अधिक राग आला.

अवंतिकाबाई गाडीकडे येत होत्या. त्यांनी ते ऐकले असावे. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मग मोजून दाखव. माझं रडारशी लग्न झालेलं नाही. पण जे मोजता येत नाही, ते माझ्या दृष्टीने नाहीच."

*

ते मोजायला श्रीनिवासला एक अख्खा हिवाळा लागला.

वेगवान चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात डोळा त्याचा संपूर्ण पाठलाग करू शकत नाही, म्हणून तो एक युक्ती करतो. चेंडू सुटताना तो एकदा नीट पाहून घेतो. हाताचा झपाटा, मनगटाचा कोन आणि उड्डाणाचा अगदी पहिला तुकडा यांवरून चेंडू कुठे टप्पा घेईल याचा अंदाज बांधतो आणि चेंडूला मागे टाकून त्या जागेवर आधीच उडी मारून बसतो. मधल्या हवेत फलंदाज जवळजवळ आंधळा असतो. ठरलेल्या जागी डोळा वाट पाहत असतो. चेंडू तिथे आला, की पुढचा सारा फटका त्या भेटीवर उभा राहतो.

मल्लिनाथ ती भेटच चुकवत असे. त्याचा हात एकशे तीसच्या गोलंदाजासारखा फिरे, पण अखेरच्या क्षणी बोटे शिवणीवरून पुढे घरंगळत. बहुतेक वेगवान गोलंदाजांचा चेंडू मागे फिरत सुटतो आणि हवा त्याला किंचित उचलून धरते. मल्लिनाथचा पुढे फिरत सुटे आणि हवा त्याला खाली दाबी. फलंदाजाचा डोळा जिथे जाऊन बसलेला असे, त्याच्या वीतभर अलीकडे, गोलंदाजाच्या बाजूला, चेंडू टप्पा घेई. मग उरलेल्या निमिषात फलंदाजाला जे करता येई, त्याला फटका म्हणणे अवघड होते.

श्रीनिवासने हेल्मेटच्या जाळीआड बसणारी एक पारदर्शक पट्टी बनवली. तिच्यातले मोहरीएवढे कॅमेरे फलंदाजाच्या बाहुल्यांवर रोखलेले असत. डोळा कुठे जाऊन थांबला आणि चेंडू प्रत्यक्षात कुठे पडला, यांतले अंतर ती सांगे. त्या अंतराला श्रीनिवासने 'दृष्टिचूक' असे साधे नाव दिले. कमी वेगाच्या गोलंदाजांना या देशात प्रथमच स्वतःचा एक आकडा मिळणार होता, आणि त्या विचाराने केंद्राच्या वसतिगृहातल्या खोलीत एकटे बसलेल्या श्रीनिवासचे डोळे भरून येत. आनंदाने नव्हे. आजवर किती जणांना त्या लाल पट्टीने घरी पाठवले असेल, या हिशेबाने.

चाचणीसाठी मुख्य संघाचा एक नावाजलेला फलंदाज पट्टी बांधून नेटमध्ये उभा राहिला. मल्लिनाथ सोलापूरहून सकाळच्या गाडीने आला होता. सडपातळ, सावळा, आणि चेंडू टाकण्यापूर्वी बोटे सदऱ्याच्या पोटावर पुसण्याची सवय असलेला. त्याने गोलंदाजी सुरू केली. आकडे येऊ लागले. दृष्टिचूक दोन बोटे. तीन बोटे. पुन्हा दोन.

कुठल्याही सामान्य गोलंदाजाची एवढीच असते.  अवंतिकाबाईंनी घड्याळ पाहिले.

श्रीनिवासने मल्लिनाथला साइटस्क्रीनच्या मागे ओढून नेले.

"काय टाकत होतास बे?"

"चेंडू की."

"तुझा नव्हता तो."

मल्लिनाथने मान खाली घातली. लाजून नव्हे, हसू लपवायला. "नेट होतं की, अण्णा."

क्षणभर श्रीनिवासला काही उमगले नाही. मग सारे एकदम उमगले, आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावेसे वाटले. त्या दोघांच्या क्लबचा हा पहिला नियम होता. शहरातल्या मोठ्या क्लबांचे फलंदाज त्यांच्या मॅटिंगवर सरावाच्या निमित्ताने येत, गोलंदाज वाचून घेत आणि सामन्यात त्यांची धुलाई करत. म्हणून क्लबचे प्रशिक्षक नदाफ सरांनी सगळ्या गोलंदाजांना घोटून शिकवले होते, की जाळीत आपला चेंडू काढायचा नाही. जाळीत टाकायचा तो पाहुण्यांना दाखवायचा, साधा चेंडू. आपला फक्त सामन्यात. त्या क्लबच्या पोरांना ही गोष्ट शिकवलेली आहे, हेही त्यांच्या लक्षात राहत नसे. जाळी दिसली की बोटे आपोआप आखडत.

"ही परीक्षा आहे, मल्ल्या. नेट नाही."

"जाळी तर आहे. आणि समोर कोण उभाय? उद्या मॅचला हाच समोर आला तर?"

"उद्या तो तुझ्या संघात असेल."

"परवा नसेल की. लिलाव झाला की कोण कुठं जातंय कुणाला माहीत." मल्लिनाथ आता हसत नव्हता. "सर काय म्हणायचे? एकदा बघितलेला चेंडू परत आपला होत नाही."

"सरांच्या काळात हे यंत्र नव्हतं." श्रीनिवासचा आवाज आज पहिल्यांदाच चढला होता. "वर बसलेत त्यांना काय दिसतं, माहितीये? एकशे एकवीस. बास. तुझ्या सगळ्या विकेट्स त्यांच्यासाठी गावजत्रेतल्या आहेत. चहा पीत मारतील म्हणाले तुला. आता जे मोजलं नाही, ते नसतंच."

हे वाक्य आपले नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

मल्लिनाथने बोटांकडे पाहिले. "आणि हे मोजलेलं जातं कुठं?"

लीगचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. केंद्रात झालेले प्रत्येक मोजमाप हंगामाच्या आरंभी सर्व संघांना खुले होई. समान संधी, असे त्याला म्हणत. वेगाचे आकडे, टप्प्यांचे नकाशे वर्षानुवर्षे असेच जात आले होते आणि त्याने कुणाचे काही बिघडले नव्हते.

"सगळ्यांचंच जातं," श्रीनिवास म्हणाला. "त्यानं काही होत नाही."

"तू म्हणतोस म्हणून हं, अण्णा."

तो परत गेला, बोटे सदऱ्यावर पुसली आणि धावत आला. फलंदाजाने पुढे पाय टाकला, बॅट खाली आली, आणि चेंडू तिच्या वरून, खांद्याजवळून निघून गेला. फलंदाज जागच्या जागी उभा राहून खेळपट्टीकडे बघत राहिला, जणू तिथे एक पायरी होती आणि कुणीतरी ती आत्ताच काढून नेली होती. पडद्यावर आकडा आला. पुरती एक वीत.

"पुन्हा," अवंतिकाबाई म्हणाल्या. त्या खुर्चीतून उठल्या होत्या. काही वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पुन्हा."

*

मुख्य संघात मल्लिनाथचे पहिले काही सामने असे गेले, की श्रीनिवासच्या मनातला राग प्रथमच पिऊन टाकण्याजोगा गोड झाला. समालोचक त्याच्या चेंडूला नाव शोधत होते. सोलापुरात त्याच्या वडिलांनी गल्लीत मोठा पडदा लावला होता. मल्लिनाथ सामना संपला की फोन करी आणि इतकेच विचारी, "मॅडम काय म्हणाल्या? चहा पिला का कुणी?" मग दोघेही हसत.

हंगामाच्या मध्यावर एका दुपारी ते हसू थांबले. समोरच्या संघाचा सलामीवीर मल्लिनाथच्या पहिल्याच चेंडूवर पाय रोवून उभा राहिला, टप्पा वीतभर अलीकडे पडू दिला, आणि मग आरामात तो चेंडू डोक्यावरून पायऱ्यांत पाठवला. पुढचाही. त्यापुढचाही. तो घाई करत नव्हता. त्याचा डोळा त्या जागी चेंडूला भेटायला आधीच येऊन बसला होता.

केंद्रात बसून सामना पाहणाऱ्या श्रीनिवासला आधी वाटले, आज मल्लिनाथची बोटे नीट फिरत नसावीत. त्याने उड्डाण तपासले. चेंडू पूर्वीइतकाच अलीकडे पडत होता. फलंदाजाच्या डोळ्याची चूक उरली नव्हती.

मग तो खालच्या मजल्यावर गेला. तिथे भासखोली होती. लीगचे फलंदाज सामन्यांच्या अधल्यामधल्या दिवसांत तिथे गोलंदाजांच्या आभासी प्रतिमांसमोर सरावाला येत. त्याने दार ढकलले. अंधारात दूर प्रकाशाची एक आकृती उभी होती. सडपातळ, सावळी. तिने बोटे सदऱ्याच्या पोटावर पुसली, धावत आली आणि चेंडू टाकला. चष्मा लावलेल्या एका परक्या फलंदाजाने तो हुकवला. त्याच्या पायाशी, डोळा जिथे गेला होता तिथे लाल ठिपका उमटला आणि चेंडू जिथे पडला तिथे हिरवा. यंत्र मंजुळ आवाजात म्हणाले, "थोडे अलीकडे पाहा." आकृती मागे वळली, चालत गेली, आणि पुन्हा धावत आली. ती दमत नव्हती. फलंदाज जितका वेळ मागेल तितका वेळ ती येत राहणार होती. लाल ठिपका हिरव्याकडे सरकत होता.

श्रीनिवास दारात उभा राहिला. डोळा कुठे चुकतो हे ज्याने मोजले, त्याने डोळ्याला चूक सुधारण्याचा रस्ताही आखून दिला होता. इतकी साधी गोष्ट. ती त्याला दिसली नव्हती, कारण तोही दुसऱ्याच जागी नजर लावून बसला होता.

अवंतिकाबाईंच्या खोलीत तो दार न वाजवता शिरला.

"मल्लिनाथचा भास बनवायला कुणी परवानगी दिली?"

"नियमाने. तुझं मोजमाप खुलं झालं आणि संघांनी ते वापरलं." त्यांनी पडदा बंद केला. "बस, श्रीनिवास."

"मी ते त्याला वर आणायला बनवलं होतं."

"आणि तो आला की वर. माझ्या रेषेच्या खाली असलेला माणूस मी वर आणला. तुझ्या शब्दावर."

"तुम्ही त्याचा चेंडू काढून घेतलात."

"मी काहीही काढून घेतलं नाही. एकशे पंचेचाळीसचा गोलंदाज घे. त्याचाही भास खाली आहे, सगळे त्याच्यापुढे सराव करतात, आणि सामन्यात तरी तो त्यांच्या बरगड्या मोडतोच. वेग कळला म्हणून कमी होत नाही. चकवा कळला की संपतो." त्या कुचेष्टेने बोलत नव्हत्या, तेच अधिक असह्य होते. "म्हणून वेग महाग आहे. आम्ही मूर्ख आहोत म्हणून नव्हे."

"मग ज्याच्याजवळ चकवाच आहे, त्याने काय करायचं?"

"एक हंगाम खेळायचा. काही जण तेवढाही खेळत नाहीत." त्यांनी पट्टीची पेटी त्याच्यापुढे सरकवली. "राखीव संघांत असे अजून बरेच निघतील. प्रत्येक संघाला दर हंगामी एखादा लागेल. पुढच्या आठवड्यात लातूरपासून सुरू कर."

 आयुष्यभर श्रीनिवासला योग्य शब्द उशिरा सुचत आले होते. आज एकही सुचला नाही, नंतरही नाही. त्याने पेटी उचलली, जमिनीवर ठेवली, आणि तिच्यावर पाय दिला. काच फुटल्याचा आवाज अगदी क्षुल्लक झाला.

"वरच्या कपाटात अजून आहेत," अवंतिकाबाई म्हणाल्या. "उगाच पायाला लागेल."

*

तो सोलापूरला पोचला तेव्हा हंगाम संपला होता आणि मल्लिनाथला मुख्य आणि राखीव, दोन्ही संघांतून मोकळे केले होते. मैदानावर सकाळचे कोवळे ऊन होते. मॅटिंग अंथरलेले, पलीकडच्या टोकाला एकटा स्टंप, आणि बाजूला वेग मोजायला तिपाईवर उभा केलेला एक फोन. मल्लिनाथ सीमारेषेच्या दोरीजवळून धावत येत होता. एवढी लांब धाव त्याची कधीच नव्हती. तो क्रीजमध्ये कोसळल्यासारखा आला, डोके एका बाजूला पडले, पाठ धनुष्यासारखी ताणली गेली, आणि चेंडू सुटला.

"एकशे सत्तावीस," फोनमधली बाई उल्हासाने म्हणाली.

मल्लिनाथने कमरेवर हात दाबला आणि तसाच वाकून उभा राहिला. श्रीनिवासला पाहून तो सरळ झाला.

"नोकरी सोडलास म्हणे."

"हो."

"बरं झालं. रडार धरायला माणूस लागालाय मला. हा फोन लई उशिरा सांगतो."

"मल्ल्या, पाठीला काय झालंय?"

"मणक्यात बारीक चीर आहे म्हणाले डॉक्टर. भरते ती." तो चेंडू आणायला निघाला. "गावात काय म्हणालेत माहितीये? यन्नमच्या पोरानं बिराजदारच्या पोराचा चेंडू विकला. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, विकला कुठं, फुकट दिला."

 श्रीनिवासला मार खायचा होता आणि कुणी हात उचलत नव्हते.

"मला माहीत नव्हतं," तो अखेर म्हणाला.

"मला होतं की." मल्लिनाथचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी विचारलं होतं तुला. जातं कुठं म्हणून विचारलं होतं. मला ठाऊक होतं, तुला नव्हतं, आणि तरी मी तुझं ऐकलो. तू शिकलेला म्हणून." त्याने चेंडू मुठीत आवळला. "आता मी काय ठरवलंय सांगू? वेग कुणाला चोरता येत नाही. पस्तीस काढला की परत बोलावतील. मॅडमचा फोन आला होता. स्वतः म्हणाल्या."

"पस्तीस निघणार नाही तुझ्याच्यानं. निघायच्या आधी पाठ मोडेल."

"मोडू दे की. माझी आहे."

"आणि हा चेंडू कसा पडतोय ते बघितलंस का? काही उरलं नाहीये त्यात."

"बाजूला हो, अण्णा."

श्रीनिवास बाजूला झाला नाही. तो चालत पलीकडच्या टोकाला गेला आणि स्टंपसमोर उभा राहिला. पॅड नाहीत, बॅट नाही, पायात ऑफिसचे बूट.

"टाक," तो म्हणाला. "राग माझ्यावर आहे ना? मग स्टंपला कशाला मारतोस?"

मल्लिनाथने चेंडू हातात फिरवला. "लागलं तर बोलू नको मला."

"नाही बोलणार."

तो दोरीपर्यंत चालत गेला. दोरीच्याही पलीकडे गेला. मग वळला आणि धावत सुटला, दात आवळून, बोटे सदऱ्याला न पुसता. आणि श्रीनिवासला दिसले, की त्या धावेत खरोखरच त्याला मारण्याची इच्छा आहे. त्याने डोळे मिटले नाहीत. हात फिरला, पाठ ताणली गेली, तोंडातून एक कळवळ बाहेर पडली आणि चेंडू सुटला.

क्लबात किती वर्षे तो मल्लिनाथसमोर बॅट घेऊन उभा राहिला होता. पाहुण्यांच्या चेंडूलाही, आपसातल्या सामन्यातल्या चेंडूलाही. एकदाही त्याला तो नीट दिसला नव्हता. नजर पुढे जाऊन बसे आणि चेंडू तिला गाठण्याआधीच काहीतरी होऊन जाई. आज चेंडू बोटांतून सुटताना दिसला. त्याची शिवण दिसली, शिवणीवरचा एक सुटलेला दोरा दिसला. टप्पा दिसला, डोळा जिथे होता नेमका तिथेच, तसूभरही इकडे-तिकडे नाही. श्रीनिवासने एक पाऊल बाजूला घेतले. चेंडू त्याच्या गुडघ्याजवळून सरळ निघून गेला आणि कुंपणावर आदळला.

"एकशे एकतीस," फोनमधली बाई म्हणाली.

मल्लिनाथ खेळपट्टीवर गुडघे टेकून बसला होता. एक हात पाठीवर होता, दुसऱ्या हाताची मूठ त्याने हवेत उगारली. त्याचे डोळे ओले होते आणि चेहऱ्यावर विजय होता.

"ऐकलास का," तो धापा टाकत म्हणाला. "चारनं वाढला. लागला का तुला?"

"नाही."

"का नाही लागला?"

 श्रीनिवास कुंपणाकडे चेंडू आणायला निघाला. पाठीमागे मल्लिनाथ तोच प्रश्न विचारत राहिला. आधी हसत, मग रागाने, आणि मग अगदी हळू.